समासांतील अक्षरें

मराठी भाषेंत 'समास' या एकाच शब्दाचे तीन अर्थ सर्वपरिचित आहेत. दोन पदें एकत्र येऊन जें नवें पद बनतें तो व्याकरणांतील समास. दासबोधाच्या वीस दशकांत प्रत्येकीं दहा याप्रमाणें जे दोनशें लहान भाग आहेत तेहि समास. आणि वहीच्या किंवा पुस्तकाच्या पानावर मजकुराच्या भोंवतीं जी कोरी जागा सोडलेली असते तिलाहि आपण समासच म्हणतों. पहिल्या दोहोंविषयीं आम्ही शाळेंत पस्तीस वर्षें बोलत आलों. तिसऱ्याविषयीं मात्र 'समास आंखा आणि त्यांत कांहीं लिहूं नका' यापलीकडे शिक्षकाची मजल सहसा जात नाहीं. वस्तुतः या कोऱ्या जागेचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि आपल्या एकत्र कुटुंबांशीं तर तिचा फारच निकटचा संबंध आहे. म्हणून आज तिच्याचविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

पुस्तकांत लिहावें कीं लिहूं नये, याविषयीं आपल्या घरांत दोन पक्ष फार दिवसांपासून आहेत. पहिला पक्ष म्हणतो, ग्रंथ म्हणजे प्रत्यक्ष सरस्वती. त्याला चुकून पाय लागला तर आपण नमस्कार करतों, दसऱ्यास त्याची पूजा मांडतों. मग त्याच्याच अंगावर रेघोट्या ओढणें ही त्याची विटंबना नव्हे काय? दुसरा पक्ष म्हणतो, ज्या पुस्तकावर वाचणाराची एकहि खूण नाहीं तें पुस्तक केवळ कपाटाची शोभा होय. ज्या भांड्यास एकहि पोंचा नाहीं तें रोजच्या वापरांतलें आहे असें कोण म्हणेल? पहिल्या पक्षांत बहुधा वडील मंडळी असतात व दुसऱ्यांत महाविद्यालयांत जाणारीं मुलें. परंतु आश्चर्य असें कीं, पहिल्या पक्षाच्या आजोबांच्या पोथ्या उघडून पाहिल्या तर त्यांचे समास बारीक अक्षरांनीं भरलेले सांपडतात! तेव्हां खरा वाद लिहिण्या न लिहिण्याचा नाहीं. काय लिहावें, कसें लिहावें आणि कोणासाठीं लिहावें, हा खरा प्रश्न आहे.

श्रीसमर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासांत लेखनक्रियेचें निरूपण केलें आहे. तेथें ते सांगतात कीं, कागदाच्या भोंवतालची जागा मोकळी सोडावी व मजकूर मध्यें लिहावा. म्हणजे कालांतरानें कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाहीं. यावरून समासाचा मूळ हेतु शोभेचा नसून संरक्षणाचा आहे हें दिसून येईल. गढीला जसा तट, तसा मजकुराला समास. त्याच प्रकरणांत दुसरी एक सूचना आहे: तरुणपणीं हौसेनें फार बारीक लिहिलेलें म्हातारपणीं कामास येत नाहीं, म्हणून अक्षर मध्यम काढावें. साठी उलटलेल्या वाचकांस या सूचनेचें मर्म चष्मा पुसतां पुसतां चांगलेंच कळतें.

परंतु कोरी जागा आणि हातांतील लेखणी यांची गांठ पडली कीं ती जागा फार काळ कोरी राहत नाहीं. पोथी उतरून घेतांना एखादें पद गळलें तर त्या ठिकाणीं कावळ्याच्या पायासारखी खूण, म्हणजे काकपद, करीत आणि सुटलेलीं अक्षरें समासांत लिहीत. ओळ कोणती हें कळावें म्हणून शेजारीं तिचा आंकडा घालीत. अक्षर चुकलें तर त्यावर पिवळा हरताळ लावीत. 'हरताळ फासणें' हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला आहे. पानाच्या पाठीमागील बाजूस समासांत ग्रंथाचें संक्षिप्त नांव व पत्राचा अंक असे. पोथीचीं पानें शिवलेलीं नसतात. वाऱ्यानें विखुरलीं तर सारा ग्रंथ पुन्हा लावण्यास तोच आधार. गुरूपाशीं पाठ घेणारा विद्यार्थी कठिण शब्दाचा पर्याय समासांत टिपून ठेवी आणि अन्वय लक्षांत राहावा म्हणून शब्दांच्या डोक्यावर लहान लहान आंकडे मांडी.

पुढें तर टीकेसाठीं पानाची मांडणीच बदलली. मूळ श्लोक मध्यभागीं मोठ्या अक्षरांत आणि त्याच्या वर व खालीं लहान अक्षरांत टीका, अशा मांडणीस त्रिपाठ म्हणत. डाव्या-उजव्या समासांतहि टीका आली कीं तो पंचपाठ. मूळ आणि टीका एकाच पानावर नांदत, पण कोण कोणतें हें अक्षराच्या आकारावरून सहज ओळखूं येई. टीकाकारांचा संयमहि वाखाणण्यासारखा होता. मल्लिनाथानें आरंभींच प्रतिज्ञा केली आहे कीं, ज्यास आधार नाहीं असें कांहीं लिहिणार नाहीं आणि ज्याची अपेक्षा नाहीं असें कांहीं बोलणार नाहीं. समासांत लिहूं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें पेन्सिल उचलण्यापूर्वीं ही प्रतिज्ञा एकदां मनांत म्हणावी, असें आमचें सांगणें आहे.

कारण ही मर्यादा सुटली कीं हीच जागा अनर्थास कारण होते. वाचतां वाचतां एखाद्यास दुसरीकडे ऐकलेला किंवा स्वतः रचलेला श्लोक शेजारीं लिहून ठेवावासा वाटतो. तो गृहस्थ जातो, पोथी राहते. पन्नास वर्षांनीं कोणी तिची नक्कल करतो; त्याला वाटतें, हा गळलेला श्लोक असावा; आणि तो त्यास मजकुरांत बसवितो. त्या नकलेवरून पुढें नक्कल करणाऱ्यास तर शंका येण्याचेंहि कारण उरत नाहीं. अशा रीतीनें ओसरीवरचा पाहुणा माजघरांत येतो आणि दोन पिढ्यांनीं घरधनी होऊन बसतो.

पदरचें घालण्याच्या या हौसेची भीति आपल्या संतांनीं पुरती ओळखली होती. ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रतींत पाठभेद शिरलेले पाहून श्रीएकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटीं त्यांनीं पुढील पिढ्यांस बजावून ठेविलें कीं, या ग्रंथांत जो आपली ओवी घालील त्यानें अमृताच्या ताटांत करवंटी ठेविली असें समजावें. नाथ स्वतः केवढे कवि! ज्यांना ओवी हात जोडून उभी, त्यांनींच ही मर्यादा घालून द्यावी, यांत मोठा अर्थ आहे.

असेंच काम महाभारताच्या बाबतींत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें केलें. १९१९ सालीं आरंभिलेलें हें कार्य १९६६ सालीं तडीस गेलें आणि त्यासाठीं १२५९ हस्तलिखितें उपयोगांत आणिलीं गेलीं. १९२५ पासून १९४३ मध्यें निधन होईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर हे त्याचे प्रमुख संपादक होते. या आवृत्तीच्या पानांखालीं ज्या पाठभेदांच्या टिपा आहेत, त्यांत कोणता श्लोक कोणत्या पोथींत समासांत आहे आणि कोणता मागाहून दुसऱ्या हातानें लिहिला आहे, याचीहि नोंद केलेली आढळते. व्यासांनीं सांगावें आणि गणपतीनें लिहून घ्यावें, ही आपल्या सर्वांची आवडती कथा. परंतु पुराव्याच्या कसोटीस न उतरल्यामुळें तीहि मूळ संहितेंतून निघून परिशिष्टांत गेली. प्रत्यक्ष विद्येच्या देवतेस जेथें आधारावांचून मजकुरांत जागा मिळाली नाहीं, तेथें इतरांची काय कथा!

समास मूळ मजकूर बिघडवूं शकतो हें खरें. पण वेळप्रसंगीं तो सत्याची साक्षहि देतो. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते असें प्रतिपादन करणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ सालीं जर्मनींत न्यूरेंबर्ग येथें छापला गेला. हा ग्रंथ त्या काळीं कोणी वाचलाच नाहीं, असें आर्थर कोसलर या लेखकानें १९५९ सालीं लिहिलें. पुढें १९७० मध्यें ओवेन गिंगरिच या अमेरिकन विद्वानास एडिंबरो येथें याच ग्रंथाची अशी एक प्रत आढळली कीं, तिचे समास आरंभापासून शेवटपर्यंत टिपांनीं भरलेले होते. त्यांस कुतूहल वाटलें. पुढील सुमारें तीस वर्षें देशोदेशींच्या ग्रंथालयांतून हिंडून त्यांनीं पहिल्या दोन आवृत्त्यांच्या मिळून सुमारें सहाशें प्रती तपासल्या. कोणत्या गुरूची टीप कोणत्या शिष्यानें आपल्या प्रतींत उतरून घेतली, हेंहि त्यांना अक्षरांवरून शोधून काढतां आलें. ग्रंथ वाचला गेला होता आणि बारकाईनें वाचला गेला होता, हें सांगण्यास वाचणारांपैकीं कोणी जिवंत नव्हता. साक्ष दिली ती समासांनीं.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. धंद्यानें ते न्यायखात्यांतले. गणित हा त्यांच्या फावल्या वेळचा छंद. डायोफँटस या प्राचीन ग्रीक गणितज्ञाच्या ग्रंथाची १६२१ सालीं निघालेली आवृत्ति ते वाचीत असत आणि सुचेल तें तिच्या समासांत लिहीत असत. तीनाचा वर्ग व चाराचा वर्ग मिळून पांचाचा वर्ग होतो, हें आपल्यापैकीं प्रत्येकानें शाळेंत केलें आहे. फर्मांनीं लिहून ठेविलें कीं, वर्गाच्या ठिकाणीं घन किंवा त्याहून वरचा घात घेतला तर पूर्णांकांत असें कधींहि जमणार नाहीं. याची सुंदर सिद्धता आपणांस सांपडली आहे, परंतु ती लिहिण्यास हा समास पुरेसा नाहीं! १६६५ सालीं ते वारले. ही सिद्धता जगास मिळण्यास १९९५ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अँड्रू वाइल्स या इंग्रज गणितज्ञाची सिद्धता छापून निघाली आणि तिला शंभराहून अधिक पृष्ठें लागलीं.

या गोष्टीचा एक भाग मात्र लोक सांगावयाचा विसरतात, आणि आमच्या मतें तोच महत्त्वाचा आहे. फर्मांनीं ज्या पुस्तकांत टिपा लिहिल्या होत्या तें पुस्तक आज उपलब्ध नाहीं. तरीहि आपणांस त्या टिपा ठाऊक आहेत, याचें कारण त्यांचा मुलगा सॅम्युअल. वडिलांच्या पश्चात् त्यानें ती प्रत उघडून पाहिली, प्रत्येक टीप उतरून काढली आणि १६७० सालीं तो ग्रंथ वडिलांच्या टिपांसह पुन्हा छापविला. छापतांना त्यानें मूळ निराळें ठेविलें आणि वडिलांचे शब्द निराळे, त्यांच्या नांवानिशीं दिले. मुलानें वडिलांचें पुस्तक उघडून पाहण्याचा कंटाळा केला असता तर गणितशास्त्रांतील साडेतीनशें वर्षांचा एक अध्याय घडलाच नसता.

आपल्याकडील एक अलीकडचें उदाहरण देतों. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत शिकत असतां जॉन ड्यूई हे त्यांचे एक गुरु होते. ड्यूई यांच्या लोकशाही व शिक्षण या विषयावरील ग्रंथाची बाबासाहेबांची प्रत मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथसंग्रहांत आहे, आणि तींत त्यांनीं तांबड्या व निळ्या पेन्सिलींनीं केलेल्या खुणा दिसतात. १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरील आपल्या सुप्रसिद्ध भाषणांत त्यांनीं ड्यूई यांचा गुरु म्हणून कृतज्ञतेनें उल्लेख केला व त्यांचे विचार घेतले. अभ्यासकांनीं त्या खुणा आणि तें भाषण शेजारीं ठेवून पाहिलीं, तेव्हां एक विचार एका मनांतून दुसऱ्या मनांत कोणत्या वाटेनें गेला हें त्यांस दिसूं शकलें. पेन्सिलीच्या एका रेघेची किंमत ही अशी असते.

वाचक म्हणतील, हे झाले थोर पुरुष. आमच्या घरच्या समासांत काय असणार? आम्ही म्हणतों, पुष्कळ असतें. जुन्या पंचांगांचीच गोष्ट घ्या. घरांत मूल जन्मलें कीं तिथीच्या शेजारीं समासांत वेळ टिपून ठेवण्याची चाल घरोघर होती. आमच्या एका आत्याबाईंच्या जन्मतारखेचा घोळ निवृत्तिवेतनाच्या वेळीं पडला होता, तो आजोबांच्या पंचांगांतील 'पहाटे, पाऊस फार, कन्या' एवढ्या चार शब्दांनीं मिटला. तारीख तर मिळालीच. परंतु त्या रात्रीं पाऊस फार होता हें आत्याबाईंना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं प्रथम कळलें, आणि त्याचाच त्यांना अधिक आनंद झाला.

आमच्या स्वयंपाकघरांत श्रीमती कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ची एक जीर्ण प्रत आहे. हा ग्रंथ १९७० सालीं प्रथम निघाला. आमच्या मातोश्रींचें शिक्षण मराठी चौथीपर्यंत. त्यांनीं आयुष्यांत पत्रांवांचून दुसरें कांहीं लिहिलें नाहीं. परंतु या पुस्तकाच्या समासांत त्यांचें अक्षर पानोपानीं आहे. पुस्तकांतील माप लहान कुटुंबाचें, घरांत पानें चौदा. म्हणून प्रत्येक कृतीशेजारीं त्यांचा स्वतंत्र हिशेब. कटाच्या आमटीशेजारीं त्यांनीं लिहिलें आहे: 'मीठ निम्में. दादांचा रक्तदाब.' दादा म्हणजे आमचे तीर्थरूप. त्याच्या खालीं निळ्या शाईनें आमच्या वहिनींच्या हातचे दोन शब्द आहेत: 'आतां नेहमीइतकें.' तारीख नाहीं, स्पष्टीकरण नाहीं. घरांतील माणसास त्याची आवश्यकताहि नाहीं. दादांच्या निधनानंतरचें तें पहिलें वर्षश्राद्ध, पुरण झालें, कट उरला, आणि वहिनींनीं पुस्तक उघडलें, हें सर्व त्या दोन शब्दांत आहे. आमच्या घराण्याचा इतिहास कोणी लिहिला नाहीं. जो कांहीं लिहिला गेला तो असा कडेकडेनें.

आणि हाच इतिहास आज रद्दीच्या तराजूंत जात आहे, हें सांगतांना मन उद्विग्न होतें. वाडे पडतात, भाऊ सदनिकांत राहावयास जातात, भांड्यांच्या वांटण्या होतात, दागिन्यांच्या होतात. पुस्तकांपाशीं येतांच सर्वांस जागेची अडचण आठवते. पुण्यास जुन्या पुस्तकांच्या एका दुकानांत आम्हांस 'गीतारहस्या'ची एक प्रत मिळाली. तिच्या समासांत दोन हात आहेत. संन्यासमार्गाच्या खंडनाशेजारीं शाईनें लिहिलें आहे: 'आचार्यांस अन्याय.' खालीं पेन्सिलीनें: 'बाबा, पुढील प्रकरण वाचून मग निर्णय द्यावा.' त्याखालीं पुन्हा शाईनें: 'वाचलें. मत कायम.' असा पितापुत्रांचा संवाद पुस्तकभर चालला आहे. समोरासमोर जें बोलण्याची त्या काळीं मुलास छाती झाली नसती, तें समासांत बोललें गेलें. आणि बापानेंहि तें खोडलें नाहीं, उत्तर दिलें. ही प्रत ज्या घरांतून निघाली त्या घरांतील कोणीहि ती उघडून पाहिली नसावी. पाहिली असती तर ती आम्हांस मिळती ना.

तेव्हां आतां प्रश्नाचें उत्तर देतों. पुस्तक स्वतःचें असेल तर अवश्य लिहावें, पण पेन्सिलीनें आणि समासांत. ओळींच्या मध्यें नव्हे. अक्षर समर्थांच्या सांगण्याप्रमाणें मध्यम असावें. टिपेखालीं नांवाचें आद्याक्षर व वर्ष घालावें, म्हणजे पुढें मूळ कोणतें व पदरचें कोणतें, आजोबांचें कोणतें व नातवाचें कोणतें, याचा घोटाळा होणार नाहीं. नुसतें 'वाहवा' किंवा 'चूक' लिहूं नये. कां वाहवा आणि कोठें चूक, तें एका ओळींत लिहावें. वडिलांची टीप पटली नाहीं तरी ती पुसूं नये. खालीं आपली लिहावी. पानाचा कोपरा दुमडूं नये. न्यूटनसाहेब कोपरा दुमडून त्याचें टोंक नेमक्या शब्दावर आणून ठेवीत असत हें खरें. परंतु त्यांचें हेंच एक अनुकरण करणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही पस्तीस वर्षें पाहिलें आहे.

सार्वजनिक ग्रंथालयाच्या पुस्तकांत मात्र एक टिंबहि काढूं नये. तेथील समास आपला नाहीं, पुढच्या शंभर वाचकांचा आहे. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचें नांव लिहून ठेवणारा वाचक आम्हांस भेटला नाहीं, त्याचें अक्षर मात्र भेटलें आहे. त्या मनुष्यास ग्रंथालयाच्या दारांतूनच परत पाठवावें असें आमचें प्रामाणिक मत आहे.

हल्लीं जुन्या पुस्तकांचीं छायाचित्रें काढून तीं संगणकावर जतन करण्याचें स्तुत्य कार्य पुष्कळ ठिकाणीं चाललें आहे. घरांतील तरुण मंडळी हें काम हौसेनें करतील तर त्यांस एकच विनंति: पान नीटनेटकें दिसावें म्हणून कडा कापूं नयेत. छापील मजकूर दुसऱ्या प्रतींतहि मिळेल. समास मात्र त्या एकाच प्रतीचा असतो.

येत्या सुट्टींत घरांतील कपाट एकदां खालीं उतरवावें. मुलांना शेजारीं बसवावें, आणि एकेक पुस्तक झटकून, पानें उलटून, कोठें कोणाचें अक्षर आहे तें वडील माणसांस विचारावें. अक्षर ओळखणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे. ज्या पुस्तकांत एकहि अक्षर सांपडणार नाहीं तें खुशाल कोणास द्यावें. ज्यांत सांपडेल, त्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनें एवढेंच लिहावें कीं, आंतील टिपा अमुक यांच्या हातच्या आहेत. आणि तें पुस्तक पुन्हा जागेवर ठेवावें.